जक्कूर पंगत जमवायचा

आमच्या गल्लीतले म्हातारे सांगतात, तरुणपणी जक्कूरदादाचा आवाज मंदिराच्या अंगणातून निघायचा आणि किद्रोनच्या ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. मी काही तो ऐकलेला नाही. लग्न होऊन मी यरुशलेमात आले तेव्हा त्याचा गळा पार गेलेला होता. तो बोलायला लागला की कोणीतरी जातं ओढतंय असं वाटायचं. तरीसुद्धा देवाची स्तुती कशाला म्हणतात हे मला कळलं असेल, तर ते त्या जात्याकडूनच. गोड गळ्याचे लेवी, म्हणजे मंदिरात गाणारे सेवक, या शहरात ढिगाने आहेत. सणाच्या दिवशी छाती फुगवून उभे राहतात आणि गाणं संपलं की कोणाला ओळख दाखवत नाहीत. असो. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी भट्टी मेंढे-दरवाजाच्या आत, चढावर. संकटातून वाचलेले गावोगावचे लोक देवाचे आभार मानायला, उपकारस्तुतीचा यज्ञ करायला येतात, त्यांच्या भाकरी मी भाजते. एका यज्ञाला चाळीस. दहा तेलात मळलेल्या, दहा वरून तेल फिरवलेल्या पातळ पापड्या, दहा कढत पाण्यात पीठ भिजवून केलेल्या, अशा तीस बिनखमिराच्या. उरलेल्या दहा खमिराच्या, चांगल्या फुगलेल्या. यातल्या चार याजकाला जातात. राहिल्या छत्तीस, आणि वर अख्खा मेंढा. हे सगळं त्याच दिवशी, शक्यतो दिवस मावळायच्या आत, संपवायचं असतं. सकाळपर्यंत एक तुकडा जरी उरला तरी सगळा यज्ञ बाटला.

आता एकटा माणूस छत्तीस भाकऱ्या आणि मेंढा कसा संपवणार? त्याला माणसं बोलवावीच लागतात. आणि माणसं जेवायला बसली की विचारतातच, बाबा रे, तू वाचलास कशातून? मग तो सांगतो. वाळवंटातून आलो, समुद्रातून आलो, तुरुंगातून सुटलो, तापातून उठलो.

"हे मुद्दाम केलंय बघ, शलोमीथ," जक्कूरदादा मला म्हणायचा. "देवाला भूक लागत नाही आणि त्याला सगळं ठाऊकही आहे. भाकऱ्या एवढ्या सांगितल्यात त्या माणसं गोळा व्हावीत म्हणून."

तो आसाफाच्या घराण्यातला. बाप गाणारा, आजा गाणारा. ऐन चाळिशीत एका हिवाळ्यात ताप आला. महिनाभराने ताप गेला तो आवाज घेऊनच गेला. गाणाऱ्यांच्या मुख्याने दया म्हणून त्याच्या हातात झांजा दिल्या. पण मनातल्या मनात तो अजून गातच होता. मनातलं गाणं इतरांच्या दोन पावलं पुढे जायचं आणि झांज नको तिथे वाजायची. एकदा याजक धुपाची पळी घेऊन गंभीरपणे चालला होता आणि याने अशी काही झांज हाणली की पळी खाली पडली. त्यानंतर त्याला घरी बसवलं.

दुसरा असता तर कुढला असता. हा काय म्हणाला? "दावीद राजाने आमच्या घराण्याला तीन कामं नेमून दिली. आठवण ठेवायची, आभार मानायचे, स्तुती करायची. स्तुतीला गळा लागतो, तो गेला. बाकीची दोन बसल्या जागी होतात."

तेव्हापासून तो रोज सकाळी मंदिराच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर बसायचा. ज्याच्याबरोबर दहा-वीस माणसं असायची त्याच्याकडे तो ढुंकून बघायचा नाही. त्याचे डोळे एकट्या माणसाला शोधायचे. एका हातात मेंढ्याची दोरी, दुसऱ्या हातात माझ्या भट्टीची टोपली, आणि चेहऱ्यावर आता हे खाणार कोण असा प्रश्न. असं कोणी दिसलं की जक्कूरदादा गुडघ्यावर हात टेकून उठायचा.

"पंगत हवी का?"

"माझं इथं कोणी नाही, बाबा."

"तेच विचारतोय. माझं सगळं गाव आहे इथं."

मग तो माणसं गोळा करत फिरायचा. हमाल, खालच्या आळीतल्या विधवा, आंधळा विणकर, कोणाकडे पाहुणी आलेली म्हातारी. आधी विचारायचा, "शुद्ध आहेस ना? मयताला वगैरे हात लागलेला नाही?" नाही म्हटलं की दंड धरून ओढायचा. कोरे नावाचा एक धिप्पाड हमाल तर त्याचा कायमचा गडी होता. "जक्कूरबाबा, मी सकाळीच जेवलोय," तो म्हणायचा. "तुझं पोट मला ठाऊक आहे, चल," असं म्हणून दादा पुढे निघायचा आणि कोरे निमूट मागे.

पंगतीत त्याचा नियम एकच होता. खरं सांगायचं. एकदा याफोचा एक व्यापारी आला होता. त्याचं गलबत बुडता बुडता वाचलं होतं. त्याने सांगायला सुरुवात केली की मी वेळीच शीड उतरवलं, मी वल्हेकऱ्यांना अशी आज्ञा दिली, मी तसा विचार केला. दादाने तोंडातला घास शांतपणे चावून गिळला आणि म्हणाला, "मग मेंढा स्वतःलाच वाहायचा होता की. इथवर कशाला आणलास?" सगळी पंगत हसली. व्यापारी आधी लाल झाला आणि मग हळूच म्हणाला, "खरं सांगायचं तर मी गलबताच्या तळाशी रडत बसलो होतो." मग कुठे जेवणाला चव आली.

आणि लक्षात किती राहायचं त्याच्या! एक बाई सात वर्षांनी परत आली, तर हा तिला म्हणाला, "तू हेब्रोनची ना? तुझं दुसरं पोर आडवं आलं होतं, सुईणीने आशा सोडली होती. कसा आहे पोरगा?" तिच्या स्वतःच्या नवऱ्याला एवढं आठवत नव्हतं.

"लोक विसरतात गं," तो मला म्हणाला. "संकट टळलं की माणूस आधी संकटच विसरतो. मग आभार कशाचे मानणार? म्हणून आधी आठवण."

या माणसाचं मला किती कौतुक होतं हे तो असताना मी त्याला कधी सांगितलं नाही. उलट भाकऱ्या उचलायला उशीर केला म्हणून दहादा भांडले. आता सांगते.

पण एक गोष्ट त्याला सांगता येत नव्हती. त्याचा एकुलता एक मुलगा याशूब एलाथच्या तांड्याबरोबर दक्षिणेच्या वाळवंटापलीकडून तांबं आणायला गेला आणि आलाच नाही. तांडा परतला तेव्हा लोक म्हणाले, वाऱ्यात वाट चुकला, हरवला. बस, एवढंच. कुठे पडला, कसा गेला, काही नाही. मरण सगळ्यांना आहे. पण आमच्यात ज्याला माती मिळाली नाही त्याच्याइतकं वाईट कोणाचं झालं असं आम्ही मानत नाही. पाखरांनी आणि कोल्ह्यांनी खाल्लेलं पोर, हे शत्रूला शाप देताना बोलायचे शब्द.

त्याची बायको मिल्का त्या दिवसापासून मंदिराची पायरी चढली नाही. घर पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर. नवरा दिवसभर लोकांचे आभार ऐकतो आणि ही दाराला पाठ लावून लोकर पिंजते. एकदा दादाने पंगतीतली एक भाकर तिच्यासाठी नेली. तिने ती त्याच्या हातात परत ठेवली. "ज्यांची पोरं घरी आली त्यांनी खावी," म्हणाली. दिवस मावळत आला होता, भाकर उरून चालणार नव्हती, तेव्हा त्याने ती दारात उभ्याउभ्या कशीबशी गिळली. हे मला मिल्कानेच सांगितलं. सांगताना ती रडली, पण दुसरी भाकर काही तिने घेतली नाही. अशी अकरा वर्षं गेली.

जवाची कापणी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी भट्टी पेटवत होते तोच एक माणूस आला. चाळिशीतला, उन्हाने रापलेला, मेंढ्याची दोरी मनगटाला दोनदा गुंडाळलेली.

"उपकारस्तुतीच्या भाकरी हव्यात. तीस," तो म्हणाला.

"चाळीस असतात."

"बिनखमिराच्या तीस द्या. खमिराच्या नकोत."

"का बरं? तुझ्यासाठी वेगळं शास्त्र आहे का?"

"माझी गोष्ट आंबलेली आहे, बाई. जुनी आहे. वर आणखी खमीर नको."

मी कमरेवर हात ठेवले. हे मी दादाकडून इतक्यांदा ऐकलं होतं की माझ्याच तोंडून निघालं, "गोड तेवढंच सांगायचं असतं तर देवाने तीसवरच थांबवलं असतं. आंबटही सांगायचं म्हणून खमिराच्या दहा लागतातच. आणि मी विचारल्याशिवाय पीठ मळत नाही. कशातून वाचलास?"

त्याने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला. मग म्हणाला, "मी तकोवाचा इत्तय. एलाथच्या तांड्यात होतो. याशूब माझ्याबरोबर होता. त्याचा बाप इथं पंगत जमवतो असं ऐकलंय. मला त्यांच्याच पंगतीत सांगायचंय."

माझ्या हातातलं लाकूड भट्टीत पडायच्या ऐवजी बाहेर पडलं. "दुसऱ्या भट्टीवर जा," मी ओरडले. "त्या म्हाताऱ्यासमोर बसून तू वाचल्याचे आभार मानणार? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर अकरा वर्षं आलो नाही. नवस तेव्हाच बोललो होतो. दरवर्षी मेंढा वेगळा काढतो आणि दरवर्षी मागे फिरतो. गावची माणसं आणूनही पंगत जमली असती, पण त्यांच्यापुढे मला खरं बोलता येणार नाही."

मी त्याला शिव्या दिल्या आणि पीठ मळायला घेतलं. दुसरं काय करणार? नवसाला आलेल्या माणसाला परत पाठवायचं पाप माझ्या डोक्यावर कशाला? पण भाकऱ्या तव्यावर टाकून मी शेजारणीला बसवलं आणि तडक दादाचं घर गाठलं. तो कमरेला पट्टा बांधत होता. मिल्का आत लोकर पिंजत होती. मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, आज पायऱ्यांवर जाऊ नकोस."

"का गं?"

"याशूबबरोबर तांड्यात होता तो माणूस आलाय. मेंढा घेऊन. एकटा."

त्याचे हात पट्ट्यावरच थांबले. त्याने एकदा आत मिल्काकडे बघितलं, मग गाठ घट्ट मारली.

"खमिराच्या भाजल्यास ना?" त्याने विचारलं.

"भाजल्या."

"मग पंगत जमवायला हवी. एकटा आहे म्हणालीस."

आणि खरोखर तो नेहमीसारखा फिरला. कोरेला ओढलं, आंधळ्या विणकराला आणलं, दोन विधवा आणल्या, आणखी पाच-सहा जण आणले. याजकाने आपला वाटा घेतला, रक्त वेदीवर गेलं, मांस शिजलं. तटाच्या सावलीत आम्ही बसलो. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन गेले ती परत आलेच नाही. दादा इत्तयच्या बरोबर समोर बसला.

"सांग," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून सांगितलंस तरी चालेल, नाही बघितलंस तरी चालेल. पण खरं सांग."

इत्तयने मान वर केली नाही. "वारा सुटला. दोन हातांवरचं दिसेना. आम्ही दोघं तांड्यापासून चुकलो. याशूबचा पाय घसरून मोडला होता. एक दिवस मी त्याला पाठीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्यातलं बळ संपलं. पखाल एकच, तीही तळाला गेलेली. रतामाच्या झुडपाखाली तो झोपला. मी पखाल उचलली आणि निघालो. पाणी आणतो असंसुद्धा बोललो नाही. तो जागा होईल म्हणून बोललो नाही."

विधवांपैकी एकीने तोंडावर पदर धरला.

"दुसऱ्या दिवशी दुपारी विहीर लागली. प्यालो. पोटभर प्यालो आणि मग लाज वाटली. पिण्याच्या आधी नव्हती वाटली, ती मग वाटली. तिथंच नवस बोललो. पखाल भरली आणि माघारी फिरलो. पोचायला दीड दिवस लागला. तो तिथंच होता, पण गेला होता. मी खड्डा केला, पुरलं, वर दगड रचले. तांडा गाठल्यावर सांगितलं, हरवला. खरं सांगायची छाती झाली नाही."

कोरेने हातातली भाकर टोपलीत फेकली आणि तो उठून उभा राहिला. "ह्याचं मी खाणार नाही, बाबा. भुकेनं मेलो तरी नाही." त्याचं बघून सगळ्यांनी हात मागे घेतले. मीही घेतला. मांस गार होत होतं. एवढा मोठा यज्ञ वाया जातोय असं मला दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरंच वाटत होतं.

"डोकं कुठल्या बाजूला केलंस?" दादाने विचारलं.

"उत्तरेला. घराकडे."

"दगड किती?"

"मोजले नाहीत. कमरेएवढे झाले. कोल्ह्यांनी हलवू नयेत म्हणून मोठे लावले."

"अजून आहेत?"

"आहेत. दरवर्षी जाऊन बघतो. एकही हललेला नाही."

दादाने आपल्या तळहातांकडे बघितलं. मग त्याचा तो जात्यासारखा आवाज आला. "इत्तय, तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. इथं खोटं चालत नाही, तुझं नाही आणि माझंही नाही. ते होईल का, मला ठाऊक नाही. पण अकरा वर्षं मी डोळे मिटले की कोल्हे दिसायचे. माझ्या पोराला माती मिळाली. हे आज मला कळलं आणि ते तू सांगितलंस. याचे आभार मानायला लागतात. मला आवडो न आवडो."

त्याने एक खमिराची भाकर घेतली, मोडली आणि तोंडात घातली. चावताना त्याची दाढी भिजत होती. घास उतरल्यावर तो बसल्याबसल्याच स्तुतीचं गाणं म्हणायला लागला. सूर कुठलाच लागला नाही. मी मंदिरात पुष्कळ गाणी ऐकली आहेत, पण माझ्या अंगावर काटा आला तो त्या एकाच वेळी.

"बस खाली, कोरे," गाणं संपल्यावर तो म्हणाला. "दिवस कलायला लागलाय आणि मेंढा अख्खा पडलाय." कोरे बसला. रडत रडत जेवला, पण नेहमीपेक्षा जास्त जेवला. मीही जेवले. इत्तयच्या हातात दादाने स्वतः मांस दिलं.

ऊन उतरलं तेव्हा टोपलीत एकच भाकर राहिली होती. कोरेने हात घातला तर दादाने त्याचा हात बाजूला केला. भाकर स्वतः उचलली आणि इत्तयला म्हणाला, "चल. तुला आणखी एकदा सांगायचंय."

इत्तय उठता उठता थांबला. "आईला?"

"आईला."

मी मागोमाग गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला कोणी हाकललंही नाही. मिल्का दाराशी बसली होती. दादाने फक्त एवढंच सांगितलं, "हा याशूबबरोबर होता." इत्तय उंबऱ्याबाहेर मातीत बसला आणि त्याने पुन्हा सगळं सांगितलं. झोप, पखाल, विहीर, दगड. काहीच गाळलं नाही. मिल्काच्या हातातली लोकर तशीच राहिली. मला वाटलं, आता ही याच्या तोंडावर धुळीची मूठ फेकणार. फेकली असती तर मी तिलाच बरोबर म्हटलं असतं.

"परत गेलास तेव्हा पखाल भरलेली होती?" तिने विचारलं.

"होती."

"त्याला तर पाणी लागत नव्हतं. मग त्या पाण्याचं काय केलंस?"

हे दादाने विचारलं नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. इत्तयने पहिल्यांदाच मान वर केली.

"त्याचं तोंड धुतलं," तो म्हणाला. "डोळ्यांत वाळू गेली होती, ती काढली. केस धुतले, हातपाय धुतले. सगळं पाणी त्यालाच वापरलं. मग पुरलं."

मिल्काने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. मग तिने लोकर बाजूला ठेवली, हाताला चिकटलेले धागे झटकले आणि नवऱ्यापुढे हात केला.

"आणा ती भाकर," ती म्हणाली. "दिवस मावळेल."